एकास एक : टबी हेझ आणि अदलाबदलीचा हिशेब

लंडनच्या सोहो भागात जेरार्ड स्ट्रीटवर 39 नंबरच्या इमारतीखाली एक तळघर होतं. टॅक्सीवाले तिथे चहा प्यायला, दोन घटका टेकायला येत. 30 ऑक्टोबर 1959 च्या रात्री तिथे जॅझ सुरू झालं आणि पाटी लागली रॉनी स्कॉटच्या नावाची. स्कॉट स्वतः टेनर, म्हणजे थोड्या खालच्या पट्टीचा, सॅक्सोफोन वाजवायचा. त्याचा भागीदार पीट किंग हाही एके काळचा टेनरवादक, पण वाद्य बाजूला ठेवून तो व्यवहाराकडे वळला होता. पहिल्या रात्रीच्या जाहिरातीत सर्वांत वर नाव होतं लंडनच्याच टेनरवादक टबी हेझच्या चौकडीचं, म्हणजे चौघांच्या बँडचं. तेव्हा हेझ 24 वर्षांचा होता.

ज्या संगीतासाठी हे तळघर उघडलं, ते संगीत अमेरिकेचं. पण त्या रात्री एकही अमेरिकन वादक तिथे वाजवू शकला नसता. तसा नियमच होता. हेझच्या आयुष्यातली बहुतेक वळणं या नियमाशी येऊन थांबतात, म्हणून आधी नियम समजून घेऊ.

दार कुणी लावलं

1932 मध्ये अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग ब्रिटनमध्ये येऊन वाजवून गेला. 1933 मध्ये बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन आपला सगळा वाद्यवृंद घेऊन आला. 1935 पासून ब्रिटनच्या कामगार मंत्रालयाने अमेरिकन वाद्यवृंदांना परवाने देणं थांबवलं. यामागे ब्रिटनच्या वादकांची युनियन होती. आज आपल्याला हा करंटेपणा वाटतो, पण त्या युनियनच्या जागी बसून पाहिलं तर राग थोडा निवळतो. मूकपट असताना प्रत्येक थिएटरात पडद्यासमोर वादक बसायचे. बोलपट आले आणि हजारो वादक दोन-चार वर्षांत घरी बसले. त्यातच अमेरिकेची वादक युनियन ब्रिटिश वाद्यवृंदांना आपल्या देशात पाऊल ठेवू देत नव्हती. जॅक हिल्टनसारखा ब्रिटनमधला गाजलेला बँडप्रमुखही त्या दारावरून परत आला होता. मग इकडच्यांनी ठरवलं, तुम्ही आमचे घेत नाही तर आम्हीही तुमचे घेणार नाही.

हे दार वीस वर्षं बंद राहिलं. गाणारे आणि नकला-नाच करणारे कलाकार 'व्हरायटी' या सदरात येऊ शकत, वादक नाही. 1948 मध्ये एलिंग्टन ब्रिटनच्या दौऱ्यावर आला तो वाद्यवृंद मागे ठेवून. सोबत वाद्यवृंदातला रे नान्स आणि गायिका के डेव्हिस एवढेच, आणि साथीला ब्रिटिश वादक. ज्या माणसाचं खरं वाद्य म्हणजे त्याचा वाद्यवृंद, त्याला ते वाद्य बंदरावर सोडून यावं लागलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सिडनी बेशे आणि कोलमन हॉकिन्स यांनी परवान्याशिवाय लंडनमध्ये वाजवलं, तेव्हा कार्यक्रम ठेवणाऱ्यांवर खटले भरले गेले.

ब्रिटिश वादकांनी मग जहाजांचा आधार घेतला. अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर नाचासाठी बँड लागायचे आणि ती कामं जेराल्डो नावाचा बँडप्रमुख लावून द्यायचा. वादकांनी या ताफ्याला नावच ठेवलं होतं 'जेराल्डोचं आरमार'. आठवडाभर वॉल्ट्झ वाजवायचे, जहाज न्यूयॉर्कला लागलं की उतरून थेट क्लब गाठायचा, मिळेल त्या रात्री सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करला ऐकायचं आणि परतीच्या जहाजावर पुन्हा वॉल्ट्झ. रॉनी स्कॉटनेही ही वारी केली. वारीच म्हणतो, कारण जाण्यामागे तीच ओढ होती.

1956 मध्ये दार किलकिलं झालं. तडजोड साधी होती, एकास एक. तुमचा एक वाद्यवृंद आमच्याकडे, आमचा एक तुमच्याकडे. स्टॅन केंटनचा वाद्यवृंद ब्रिटनमध्ये आला आणि बदल्यात टेड हीथचा अमेरिकेत गेला. वीस माणसांच्या बदल्यात वीस माणसं हे जमून गेलं, कारण मोठ्या वाद्यवृंदांना मोठी सभागृहं आणि मोठे कंत्राटदार होते. छोट्या क्लबात एकटा सॅक्सोफोनवादक महिनाभर आणायचा तर? त्या बदल्यात तिकडे पाठवणार कुणाला? अमेरिकेतल्या क्लबमालकाने पैसे मोजून बोलवावा असा ब्रिटिश सॅक्सोफोनवादक कुठून आणायचा?

तो वादक

एडवर्ड ब्रायन हेझ, जन्म 30 जानेवारी 1935, लंडन. वडील बीबीसीत व्हायोलिन वाजवायचे. मुलाच्या हाती आधी व्हायोलिन आलं, मग पियानो, आणि अकरा-बाराव्या वर्षी टेनर सॅक्सोफोन. अंगाने गोलमटोल म्हणून 'टबी', आणि ते नाव कायमचं चिकटलं. लहान असताना एका क्लबात तो रॉनी स्कॉटच्या बँडबरोबर वाजवायला चढला होता. वाद्यापेक्षा जेमतेम मोठा दिसणारा पोरगा. स्कॉटने लहान मुलाशी बोलावं तसं विचारून एक चीज सुचवली आणि पोराने जे वाजवलं त्याने आपल्याला धडकी भरली, असं स्कॉट पुढे सांगायचा.

सोळाव्या वर्षी तो ट्रम्पेटवादक केनी बेकरच्या बँडमध्ये व्यावसायिक वादक होता. विशी गाठली तेव्हा स्वतःचा आठ जणांचा बँड घेऊन गावोगाव हिंडत होता. 1957 च्या एप्रिलमध्ये त्याने आणि स्कॉटने मिळून 'जॅझ कुरिअर्स' उभा केला. दोन टेनर, पुढे-मागे कुणी नाही, दोघेही बरोबरीने. कुरिअर्सचं वादन ऐकलं की पहिल्यांदा जाणवते ती जुळणी. अवघड, तुटक वळणांच्या ओळी दोन सॅक्सोफोन अशा वेगाने एकत्र वाजवतात की मध्ये कागद सरकवायला फट राहत नाही. त्यातून हेझ एकटा बाहेर पडतो आणि ओळीमागून ओळ सोडत जातो. त्याच्या वेगावर बोट ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. सुरांचा भडिमार करतो, विसावत नाही, असं म्हणतात. मला तो आक्षेप पटत नाही. एकेक सूर सुटा आणि स्वच्छ कोरलेला ऐकू येतो. दाणेदार तान घेणाऱ्या गवयाची तयारी आपण ओळखतो तशीच ही ओळखावी लागते. शिवाय संथ गीत वाजवताना हाच माणूस एक स्वर इतका वेळ धरून ठेवतो की आक्षेपाची हवाच निघून जाते.

ऑगस्ट 1959 मध्ये कुरिअर्स संपलं आणि दोन महिन्यांनी स्कॉटचं तळघर उघडलं. हेझजवळ टेनर होताच. धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचा व्हायब्राफोनही तो वाजवू लागला होता आणि त्यात फ्लूटची भर पडली. फ्लूटकडे मी पुन्हा येणार आहे.

1961 : अदलाबदल

पीट किंगने दोन्ही देशांच्या युनियनना पटवलं. अमेरिकन टेनरवादक झूट सिम्स लंडनला येईल, टबी हेझ न्यूयॉर्कला जाईल. टेनरच्या बदल्यात टेनर.

यातला जुळून आलेला भाग बघण्यासारखा आहे. हेझ जिथे गेला तो 'हाफ नोट' क्लब मॅनहॅटनमध्ये हडसन स्ट्रीट आणि स्प्रिंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. इटालियन कँटेरिनो कुटुंबाचा हा क्लब. बाप स्वयंपाकघरात, मुलं बारवर, आणि बारच्या मागे उंचावर बांधलेला वादकांचा चिंचोळा मंच. पिणाऱ्याने मान वर केली की समोर सॅक्सोफोन. झूट सिम्सचं हे जणू घरच होतं. दुसरा टेनरवादक अल कोन याच्याबरोबर तो इथे वर्षानुवर्षं वाजवत आला. म्हणजे ज्याच्या बदल्यात हेझ आला, त्याच्याच जागेवर तो उभा राहिला. वर्तुळ लहान होतं, पण नियमाच्या दृष्टीने अगदी चोख.

सप्टेंबर 1961 मध्ये तिथे उभं राहणं किती अवघड होतं याचा अंदाज बांधायचा असेल तर त्या वर्षीचं न्यूयॉर्क आठवा. टेनरवर जॉन कोल्ट्रेन ऐन भरात होता. दुसरा थोर टेनरवादक सनी रोलिन्स दोन वर्षं मैफली सोडून पुलावर एकट्याने रियाज करून त्याच शरद ऋतूत परतत होता. अशा गावात लंडनहून 26 वर्षांचा मुलगा टेनर घेऊन येतो.

तो टिकला. नुसता टिकला नाही, 3 आणि 4 ऑक्टोबरला त्याने तिथल्या वादकांबरोबर रेकॉर्ड केली. ट्रम्पेटवर क्लार्क टेरी, पियानोवर होरेस पार्लन, बेसवर जॉर्ज डुविव्हिए, ड्रम्सवर डेव्ह बेली, आणि काही चिजांत व्हायब्राफोनवर एडी कॉस्टा. फोंटाना कंपनीने ती 'टब्स इन न्यूयॉर्क' या नावाने काढली. टेरीने तिच्यासाठी एक चीज दिली तिचं नाव 'अ पाइंट ऑफ बिटर'. बिटर ही इंग्लंडच्या पबमधली साधी, घरगुती बिअर. पाहुण्याच्या गावचं पेय चिजेच्या नावात घालणं, यापेक्षा प्रेमळ स्वागत काय असणार!

मी या रेकॉर्डकडे पुन्हा पुन्हा जातो ते रोलिन्सच्या 'एअरेजिन'साठी. 'नायजेरिया' उलटं लिहिलं की हे नाव होतं. स्वररचना अशी की पायाखालचा आधार सारखा सरकत राहतो, वाजवणाऱ्याची परीक्षाच. हेझ त्यात आगंतुकासारखा वाजवत नाही. मागचे चौघे त्याला सांभाळून घेताहेत असं कुठेही वाटत नाही. उलट तो पुढे झेपावतो आणि मंडळी त्याच्या बरोबर धावतात. ज्या कुणाला 'युरोपी वादक म्हणजे अमेरिकेची नक्कल' असं वाटतं, त्याने हा तुकडा डोळे मिटून ऐकावा आणि लंडनचा वादक कुठला ते ओळखून दाखवावं.

1962 च्या जूनमध्ये तो पुन्हा गेला. या वेळच्या रेकॉर्डवर त्याच्या शेजारी जेम्स मूडी आणि रोलंड कर्क होते. दोघेही सॅक्सोफोन आणि फ्लूट असे दोन्ही हातखंडा असलेले. मूडी दुसऱ्या कंपनीशी बांधलेला असल्याने वेष्टनावर त्याचं नाव 'जिमी ग्लूमी' छापलं गेलं. पुढे 1964 मध्ये बॉस्टन, 1965 मध्ये लॉस एंजेलिसला ड्रमर शेली मॅनचा क्लब. युद्धानंतरच्या ब्रिटिश टेनरवादकांपैकी एकट्याने, पाहुणा म्हणून, अमेरिकन क्लबांत इतक्यांदा बोलावणं येणारा विरळाच.

बदल्यात काय आलं

आता हिशेबाची दुसरी बाजू. नोव्हेंबर 1961 मध्ये झूट सिम्स जेरार्ड स्ट्रीटच्या तळघरात चार आठवडे वाजवून गेला. वर्षानुवर्षं रेकॉर्डवरच ऐकलेला आवाज दोन हातांवर ऐकायला मिळाल्यावर लोकांनी झुंबड केली असेल यात नवल नाही. एकदा हे जमलं म्हटल्यावर ओघ सुरू झाला. 1962 मध्ये डेक्स्टर गॉर्डन, मग रोलंड कर्क, 1964 मध्ये स्टॅन गेट्झ, पुढे बेन वेब्स्टर, सनी रोलिन्स. टेनरच्या दुनियेत राहिलं कोण! क्लबचा पियानोवादक स्टॅन ट्रेसी सात वर्षं या सगळ्यांची साथ करत रात्री जागवत होता.

लंडनच्या रसिकांसाठी हे पर्व सोन्याचं होतं, यात शंकाच नाही. पण ज्या मंचावर पहिल्या रात्री हेझचं नाव वर होतं, त्याच मंचावर आता वरची जागा पाहुण्याची आणि ब्रिटिश बँड मध्यंतराआधी किंवा नंतर. हे कुणी ठरवून केलं नाही. क्लब स्वतः वादकांनी चालवलेला, भाडं थकलेलं, आणि गर्दी कशाला होते ते गल्ल्यात रोज दिसत होतं. स्कॉटच्या जागी कुणीही असता तर त्याने हेच केलं असतं.

मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. हेझ जितका चांगला, तितकं त्याला बाहेर पाठवणं सोपं. तो बाहेर गेला की त्याच्या वजनाचा अमेरिकन इथे येणार. आणि तो आला की हेझची घरची जागा तेवढी आकसणार. त्याचं कर्तृत्व हे दार उघडण्याचं चलन झालं आणि त्या चलनाने विकत घेतलेली वस्तू त्याच्याच समोर मांडली गेली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथे तर पिकवणाऱ्यालाच बाजारात नेऊन बदल्यात दुसरं पीक आणलं होतं.

बंदीचा एक कोपरा मात्र उघडा होता. राष्ट्रकुलातून येणाऱ्याला ही अदलाबदल लागू नव्हती. जमैकाचा अल्टो सॅक्सोफोनवादक (टेनरहून वरच्या पट्टीचा) जो हॅरियट 1951 मध्ये आला तो बदल्यात कुणी न जाता, आणि लंडनच्या जॅझचा रंग बदलून गेला. पुढे त्याने कोलकात्यात जन्मलेल्या जॉन मेयरबरोबर सतार-तबला आणि जॅझ यांचा मेळ बसवला. मुंबईत जन्मलेला गोव्याचा गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा याच लंडनमध्ये स्थिरावला आणि 1969 मध्ये त्याने हॅरियटसोबत 'हम दोनो' रेकॉर्ड केली. आपल्याकडच्या माणसाला लंडनचं दार अमेरिकनांपेक्षा मोकळं होतं, ही गोष्ट तेव्हाच्या युनियनच्या खातेवहीत कुठेच दिसत नाही, रेकॉर्डवर दिसते.

15 फेब्रुवारी 1964

एलिंग्टन आता वाद्यवृंदासह येऊ शकत होता. रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये कार्यक्रम, आणि मुख्य टेनरवादक पॉल गोन्साल्विस मंचावर येण्याच्या स्थितीत नाही. (आडनाव वाचून आपल्या डोळ्यांसमोर वसई किंवा मडगाव येतं. मूळ पोर्तुगीजच, पण याचे पूर्वज केप व्हर्दे बेटांवरचे आणि घर मॅसॅच्युसेट्सचं.) हा साधासुधा वादक नव्हता. 1956 मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात त्याने एकाच चिजेत सलग 27 आवर्तनं वाजवून सभा उभी केली होती आणि उतरणीला लागलेलं एलिंग्टनचं नाव पुन्हा वर नेलं होतं.

हेझ प्रेक्षकांत बसला होता. त्याला बोलावलं गेलं आणि तो गोन्साल्विसच्या खुर्चीत जाऊन बसला. तालीम नाही. एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचे कागद म्हणजे जुने, खाणाखुणांनी भरलेले, बऱ्याचशा गोष्टी कागदावर नसून माणसांच्या डोक्यात असलेल्या. हे त्या वाद्यवृंदात बसलेल्या अनेकांनी सांगितलेलं आहे. त्यात जॉनी हॉजेस आणि हॅरी कार्नी या एलिंग्टनच्या जुन्या सॅक्सोफोनवादकांच्या रांगेत बसून आपला स्वर त्यांच्यात मिसळायचा, आणि पाळी आली की उभं राहून वाजवायचं. हेझने ते निभावलं आणि सभागृहाने त्याला डोक्यावर घेतलं.

1948 मध्ये आपला वाद्यवृंद बंदरावर ठेवून आलेल्या एलिंग्टनच्या वाद्यवृंदात सोळा वर्षांनी लंडनचा मुलगा बसला. त्या रात्री कुणाच्या बदल्यात कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी होती आणि ती भरण्याची ताकद असलेला माणूस सभागृहातच होता. पुढच्या वर्षी गोन्साल्विस आणि हेझ यांनी मिळून रेकॉर्डही केली.

फ्लूट

फ्लूटचा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवला, कारण या कथेत तो कलेइतकाच पोटापाण्याचाही आहे.

बोटांच्या दृष्टीने सॅक्सोफोन आणि धातूची फ्लूट यांत बरंच साम्य आहे. एकाच्या कळा ठाऊक असल्या की दुसरीवर हात चाचपडत नाहीत. अडचण ओठांची. टेनरच्या मुखाला बांबूसारख्या वनस्पतीची पातळ रीड बसवलेली असते, ती खालच्या ओठावर दाबून धरायची आणि फुंकीने थरथरवायची. तासभर जोरात वाजवलं की ओठ बधिर होतो. फ्लूटला रीड नाही. बासरीसारखीच हवेची धार भोकाच्या काठावर आपटून दुभंगायची, निम्मी आत निम्मी बाहेर, आणि त्यासाठी ओठ सैल, जिवंत हवेत. म्हणजे एक वाद्य ओठांना दामटतं आणि दुसरं त्यांच्याकडून नाजूक काम मागतं. सॅक्सोफोनला वरच्या सप्तकात जायला अंगठ्याखाली एक कळ असते. फ्लूटवर ती कळ म्हणजे वादकाचा ओठ आणि श्वास. वर स्वरांचा घोळ आहेच. टेनरवर कागदावरचा 'सी' वाजवला की ऐकू येतो बी-फ्लॅट, तोही खालच्या सप्तकात. फ्लूटवर 'सी' म्हणजे 'सी'. एकाच कार्यक्रमात टेनर खाली ठेवून दोन मात्रांत फ्लूट तोंडाला लावणं किती कठीण, ते करणाऱ्यालाच माहीत.

तरीही साठच्या दशकात सॅक्सोफोनवादकाने फ्लूट शिकणं जवळजवळ अपरिहार्य झालं. जाहिराती, टीव्ही, सिनेमाची पार्श्वभूमी, गायकांची साथ, सगळीकडे असा माणूस लागायचा. एकाहून जास्त वाद्यं वाजवली की बिदागी वाढते. स्टुडिओच्या भाषेत याला 'डबलिंग' म्हणतात. लंडनच्या स्टुडिओंत त्यावर अनेकांची घरं चालत होती.

हेझने मात्र फ्लूट भाड्याने राबवायचं वाद्य म्हणून ठेवली नाही. 1967 मध्ये मिक पाइन, रॉन मॅथ्यूसन आणि टोनी लेव्हिन यांच्यासोबत केलेल्या 'मेक्सिकन ग्रीन'मधली 'ट्रेंटन प्लेस' ऐका. टेनरवर धो धो वाहणारा माणूस इथे वेगळ्याच घरात राहायला गेल्यासारखा वाटतो. फुंकीचा फुसफुसाट तो लपवत नाही, स्वराच्या कडेला तो राहू देतो. त्याच रेकॉर्डवरची शीर्षक-चीज याच्या दुसऱ्या टोकाला, जवळजवळ मुक्त, म्हणजे आधी ठरलेली चौकट सोडलेल्या, वादनाकडे झुकलेली. एकाच माणसाच्या या दोन बाजू शेजारी शेजारी ठेवल्यामुळे मी हीच त्याची सर्वांत पूर्ण रेकॉर्ड मानतो.

जे निघून गेले

त्याने सरळ अमेरिकेत जाऊन राहावं, असं आज म्हणणं सोपं आहे. तशी उदाहरणं होती. लंडनचा व्हिक्टर फेल्डमन पन्नासच्या दशकात अमेरिकेत गेला आणि 1963 मध्ये तिथला विख्यात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्याबरोबर रेकॉर्ड करण्यापर्यंत पोचला. बेल्जियमच्या लीएज शहराचा बॉबी जॅस्पर टेनर आणि फ्लूट दोन्हींत पारंगत. रसायनशास्त्र शिकलेला, पॅरिसमध्ये नाव झालेला. तो 1956 मध्ये न्यूयॉर्कला गेला, जे. जे. जॉन्सनच्या बँडमध्ये वाजवला, काही आठवडे डेव्हिसबरोबरही, आणि पियानोवादक विंटन केलीच्या 'केली ब्लू' या रेकॉर्डमधली त्याची फ्लूट आजही ऐकली जाते. पण न्यूयॉर्कच्या युनियनचं कार्ड मिळेपर्यंत परगावच्या वादकाला सहा महिने थांबावं लागे, आणि कार्ड मिळालं तरी तिथे प्रत्येक गल्लीत एक टेनरवादक. जॅस्पर 1963 मध्ये, 37 व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्येच हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला.

हेझचं लंडनमध्ये पुष्कळ काही होतं. जिमी ड्यूखर, गॉर्डन बेक यांच्यासारखे साथीदार, स्वतःचा मोठा वाद्यवृंद, स्वतःच्या नावाचा टीव्ही कार्यक्रम. तिकडे तो पाहुणा, इकडे तो यजमान. यजमानाने घर मोडून पाहुणा व्हावं हा सल्ला द्यायला मी धजणार नाही.

घर लहान होत गेलं

1963 नंतर ब्रिटनमध्ये बीटल्सचा पूर आला आणि जॅझ ऐकणारा तरुण तिकडे वळला. ज्या फ्लॅमिंगो क्लबात कुरिअर्सने सुरुवात केली, तिथेही आता रिदम अँड ब्लूज. हेझचा पंचक बँड 1964 मध्ये मोडला. 1965 मध्ये स्कॉटचा क्लब फ्रिथ स्ट्रीटवरच्या मोठ्या जागेत गेला, पाहुणेही मोठे झाले. जेरार्ड स्ट्रीटचं जुनं तळघर भाडेकराराची मुदत होती तोवर, 1968 पर्यंत, तरुण ब्रिटिश वादकांना दिलं गेलं. ही स्कॉट आणि किंग यांची मोठीच गोष्ट, आणि ती आवर्जून सांगितली पाहिजे.

याच वर्षांत हेझला हेरॉइनने धरलं. त्याच्या पिढीतल्या अनेकांना धरलं तसंच. याबद्दल चवीने लिहिलं जातं ते मला आवडत नाही. एवढंच म्हणतो, की तब्येत खालावली, कामं सुटली, आणि नेमकं त्याच काळात त्याचं वादन नव्या दिशेला निघालं होतं.

1969 च्या जूनमध्ये मिक पाइन, रॉन मॅथ्यूसन आणि ड्रमर स्पाइक वेल्स यांना घेऊन तो फोंटानासाठी स्टुडिओत गेला. चौकडी अंगात भिनलेली, स्वतःच्या रचना, फापटपसारा नाही. ती रेकॉर्ड निघालीच नाही. 1970 मध्ये कंपनीने बाजारात आणलं ते 'द टबी हेझ ऑर्केस्ट्रा', ज्यात त्याने गाजलेली लोकप्रिय गाणी वाद्यवृंदासह वाजवली होती. कंपनीचा तर्क क्लबच्या गल्ल्यासारखाच, लोक घेतात ते द्या. दुसऱ्या फिती कपाटात गेल्या.

1971 मध्ये त्याच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली. फुंकीच्या वाद्याला छाती लागते, आणि छातीच उघडलेली. काही काळ वाद्य दूर ठेवावं लागलं. तो परतला, 1972 मध्ये नॉर्वे आणि स्वीडनला जाऊनही वाजवून आला. त्या काळातल्या वादनात श्वासाचे टप्पे आखूड झालेले ऐकू येतात. वाक्यं तुकड्या-तुकड्यांत येतात, मध्ये जागा सुटते. ज्याच्या न थांबण्याला नावं ठेवली गेली, त्याला आता थांबणं भाग होतं, आणि त्या थांबण्यातही त्याने अर्थ भरला. 8 जून 1973 रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो गेला. 38 वर्षांचा होता.

1969 च्या फिती बरोबर पन्नास वर्षांनी, 2019 मध्ये, 'ग्रिट्स, बीन्स अँड ग्रीन्स' या नावाने बाहेर आल्या. त्या वाजवणाऱ्या चौघांपैकी तेव्हा दोघं हयात होते. बेसवादक मॅथ्यूसन, जो पुढच्या वर्षी गेला. आणि ड्रमर स्पाइक वेल्स, जो मधल्या काळात दीक्षा घेऊन चर्चचा धर्मगुरू झाला होता, पण काठ्या त्याने खाली ठेवल्या नव्हत्या.